सेलच्या डब्यातल्या रेकॉर्ड्स: चाळायच्या कशा, उचलायच्या कुठल्या आणि घरी आणून करायचं काय

डिस्काउंट स्टोअरमधला रेकॉर्डचा डबा कधी समोर दिसायचाच नाही. मोजे, बॅटरीचे सेल, प्लास्टिकच्या बादल्या हे सगळं ओलांडून पार मागच्या भिंतीपर्यंत जायचं, तिथे कुठेतरी तारेचा नाहीतर पुठ्ठ्याचा एक डबा, त्यात उभ्या ठासून भरलेल्या एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, आणि बऱ्याच जणींच्या कव्हरचा एक कोपरा कापलेला. घरच्यांचं साबण-टूथपेस्ट होईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा आपला. खिशात एका रेकॉर्डपुरते पैसे, ऐकून बघायची सोय नाही, विचारायला कोणी नाही, आणि वीस मिनिटांत दोनशे कव्हरं बघून त्यातली एक निवडायची.

तेव्हा कळलं नाही पण आता वाटतं की त्या डब्याची खरी चैन ही होती की तिथे चूक परवडायची. पूर्ण किमतीची रेकॉर्ड घ्यायची तर नाव ओळखीचं हवं, गाणं रेडिओवर ऐकलेलं हवं, शिवाय घरी पटवून द्यावं लागायचं ते वेगळंच. डब्यातली मात्र नुसता कव्हरवरचा सॅक्सोफोन बघून उचलली तरी चालायची, भंगार निघाली तर निघाली. माझ्या आवडीचं अर्धं संगीत मला अशा चुकांतूनच सापडलंय. म्हणून खाली जे सगळं लिहितोय ना, ते दुर्मिळ माल पकडून श्रीमंत होण्यासाठी नाहीये, चुका स्वस्तात आणि भरपूर करता याव्यात यासाठी आहे.

तसे डबे आता कमी झालेत पण संपलेले नाहीत. जुन्या वस्तूंची दुकानं, दान आलेल्या सामानाची दुकानं, घर रिकामं करताना लागणारे सेल, आणि रेकॉर्डच्या चांगल्या दुकानातसुद्धा टेबलाखाली जमिनीवर ठेवलेली खोकी. गुडघे दुखतात पण माल तिथेच असतो.

आधी हे समजून घ्या की त्या रेकॉर्ड तिथे यायच्या कशा

हे कळलं की कव्हरवरच्या खुणा वाचता येतात. अमेरिकेत दुकानदाराला न खपलेल्या रेकॉर्ड कंपनीला परत करता यायच्या, त्यामुळे कंपन्या हात सैल सोडून छापायच्या. मोठ्या स्टोअरमधले रेकॉर्डचे रॅक बऱ्याचदा स्टोअरवाले स्वतः सांभाळतच नसत, रॅक जॉबर म्हणून वेगळे ठेकेदार असायचे, ते माल भरायचे आणि न खपलेला उचलून न्यायचे. परत आलेला माल कॅटलॉगमधून बाद झाला की घाऊकमध्ये कवडीमोलाने विकला जायचा. आता हाच माल कोणी पुन्हा पूर्ण किमतीला कंपनीच्या गळ्यात मारू नये म्हणून कव्हरचा कोपरा कापायचा, नाहीतर कडेला करवतीची खाच मारायची, नाहीतर सरळ भोक पाडायचं. यालाच कट-आउट म्हणतात. कलाकाराला यातून सहसा काही मिळत नसे, ही त्यातली वाईट बाजू.

१९७८ मध्ये किस बँडच्या चारही जणांचे चार सोलो अल्बम एकाच दिवशी बाजारात आले, प्रत्येकाच्या दहा लाखांच्या घरात प्रती दुकानांत धाडल्या होत्या. मग व्हायचं ते झालं, ढीग परत आले आणि पुढची कित्येक वर्षं सेलच्या डब्यांत ते चार चेहरे हटकून दिसायचे. म्हणजे डब्यात असणं याचा अर्थ संगीत वाईट असा नाही, कोणाचातरी अंदाज चुकला एवढाच. उलट कट-आउट बऱ्याचदा न वाजवलेली असते, कोपरा गेला तरी आतली तबकडी कोरी. माझा तर कापलेला कोपरा दिसला की हात आपोआप तिकडे जातो.

दुसरा मोठा लोंढा आला सीडीमुळे. १९८२ मध्ये सीडी आली आणि त्या दशकाच्या शेवटाकडे लोक घरातल्या रेकॉर्डच्या पेट्याच्या पेट्या देऊन टाकायला लागले. त्या वापरलेल्या असतात, त्यामुळे त्या नीट तपासूनच घ्यायच्या.

निघताना काय घ्यायचं

मोबाईल, कारण त्याचा टॉर्च लागतो. मऊ कोरडा फडका. हात पुसायला काहीतरी, कारण दोन खोकी चाळली की बोटं काळी होतात आणि तीच बोटं आपण तबकडीला लावतो. मजबूत सपाट तळाची पिशवी. आणि आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी, ही यादी लोक हसण्यावारी नेतात पण शेवटी सांगतो का लागते ते.

बजेट आधीच ठरवा, पण नगावर ठरवा, रकमेवर नको. मी पाच ठरवतो. त्यातल्या दोन ओळखीच्या, दोन अंदाजाने आणि एक नुसती कव्हर बघून, ही शेवटची जागा कधी रिकामी सोडायची नाही.

चाळायचं कसं

खोक्यासमोर उभं राहून कव्हरं वर खेचून बघू नका. सगळी आधी आपल्या अंगाकडे झुकवायची आणि मग एकेक बोटाने पलीकडे पाडत जायचं. दोन्ही हात चालतात, डावा धरतो, उजवा पाडतो. फार ठासलेलं खोकं असेल तर आधी दहा-पंधरा बाहेर काढून बाजूला ठेवा, नाहीतर कव्हरच्या कडा फाटतात आणि शिवण उसवते.

पहिल्या फेरीत वाचायचं नाही, नुसतं बघायचं. जे डोळ्यात भरेल ते तिरपं उभं ठेवून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत फक्त तिरप्या बाहेर काढायच्या. असं केलं तर दोनशे रेकॉर्ड दहा मिनिटांत होतात, प्रत्येक कव्हर वाचत बसलात तर पन्नाशीलाच कंटाळा येतो आणि बरोबर एक्कावन्नावी हवी असलेली असते.

वर्गवारीच्या पाट्यांवर विश्वास ठेवू नका. ज्याने रचलंय त्याला घाई होती. जॅझ बऱ्याचदा "वाद्यसंगीत" मध्ये पडलेलं असतं, सिनेमाचं संगीत कुठेही असतं, आणि "इतर" लिहिलेलं खोकं असेल तर आधी तेच. शास्त्रीय पाश्चात्य संगीताची खोकी लोक टाळतात, त्यामुळे तिथे स्वच्छ, जेमतेम वाजवलेल्या रेकॉर्ड सगळ्यात जास्त मिळतात. आणि शेजारी कोणी चाळत असेल तर त्याच्या खोक्यात हात घालायचा नाही, त्याचं होऊ द्या. एवढं तर पाळावंच.

कव्हर वाचायचं, मागची बाजू जास्त

पुढची बाजू भुलवायला असते, मागची कामाची. मागे वादकांची नावं असतील तर ती वाचा. एखाद्या आवडत्या रेकॉर्डवरचा ड्रमर किंवा बासवाला लक्षात ठेवला आणि अनोळखी कव्हरवर तेच नाव दिसलं की डोळे झाकून घ्यायची. या एका सवयीने मला जेवढं मिळालं तेवढं कुठल्या यादीने दिलं नाही.

वय ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. बारकोड असेल तर ती प्रत १९७० च्या दशकाच्या अगदी शेवटची किंवा त्यानंतरची. आणि गोलातलं पी हे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं चिन्ह असेल तर १९७१ च्या आसपासची किंवा त्यानंतरची. म्हणजे कव्हरवर १९६५ चा अल्बम असं दिसतंय पण लेबलवर गोलातलं पी आहे, तर ती नंतरची छपाई. वाजायला चांगली असू शकते, फक्त "पहिली छपाई सापडली" म्हणून उड्या मारू नका.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे नकली गायकांच्या हिट गाण्यांची संकलनं. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्सच्या दुकानांत एम्बसी नावाच्या स्वस्त ब्रँडच्या रेकॉर्ड १९५४ पासून १९६५ पर्यंत विकल्या जायच्या, त्यावर गाणी गाजलेली पण गाणारे वेगळे. पुढे १९६८ पासून टॉप ऑफ द पॉप्स नावाची तशीच मालिका निघाली, ती इतकी खपली की १९७१ मध्ये त्यातले अल्बम तिथल्या चार्टवर थेट पहिल्या नंबरला गेले आणि मग स्वस्त रेकॉर्डना चार्टमधून बाहेरच काढलं. कव्हरवर मूळ गायकाचं नाव कुठेच नसेल आणि हसणाऱ्या मुलीचा फोटो असेल तर समजून जा. तरी एकदम नाक मुरडू नका, एल्टन जॉननेसुद्धा नाव होण्याआधी असल्या रेकॉर्डसाठी पैसे घेऊन गाणी म्हटलीत.

दुसरी, "२० धमाकेदार हिट्स" छापाची. के-टेलसारख्या कंपन्यांच्या या एलपीवर गाणी खरी असतात पण कोंबलेली. एलपीची एक बाजू अठरा-वीस मिनिटांची असेल तर तबकडीवरच्या, सुई ज्यातून फिरते त्या खाचांना मोकळी जागा मिळते, त्यापुढे खाचा अरुंद आणि आवाज बारीक करावा लागतो. म्हणून कित्येक गाणी मध्येच कापलेली असतात. पार्टीला ठीक, ऐकायला बसाल तर चिडचिड होईल.

तिसरी, जुन्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या मुद्रणाचं ओढूनताणून केलेलं दोन वाहिन्यांचं स्टिरिओ. कॅपिटल कंपनीवाले याला ड्युओफोनिक म्हणायचे. एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार, दोन्हींत वेळेचा किंचित फरक, झालं स्टिरिओ. विहिरीत बसून गातायत असं वाटतं. कव्हरवर "इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ" अशा अर्थाची बारीक ओळ दिसली तर मी सोडतो, त्याची साधी मोनो प्रत मिळाली तर मात्र उडी मारून घेतो.

तबकडी बाहेर काढून बघायची

यात आळस करायचा नाही. विचारून काढा, अंगठा कडेला आणि बाकीची बोटं मधल्या लेबलखाली, खाचांना हात लागता कामा नये. टॉर्च तिरपा धरा, सरळ मारलात तर काहीच दिसत नाही, आणि तबकडी हळूहळू फिरवत बघा.

केसासारख्या बारीक रेघा दिसतीलच, त्या बहुतेक वाजत नाहीत. ज्या रेघेवर नख अडकतं ती वाजते. हिशोब असा आहे, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदाची, आणि एका सेंटिमीटरमध्ये साधारण शंभर खाचा. म्हणजे काठाकडून मध्याकडे जाणारा एक सेंटिमीटरचा खोल ओरखडा असेल तर जवळजवळ तीन मिनिटं टक, टक, टक. एक गाणं गेलं. हा ओरखडा आपल्याला नको असलेल्या गाण्यावर असेल तर घ्या बिनधास्त, मी घेतलेत. खाचांच्याच दिशेने जाणारा ओरखडा मात्र जास्त वाईट, त्यात सुई शेजारच्या खाचेत उडी मारते किंवा तिथेच घुटमळत राहते.

मग लेबलवरचं भोक बघा. भोकाभोवती वेड्यावाकड्या बारीक रेघा म्हणजे अंधारात चाचपडत कोणीतरी शेकडो वेळा ती लावलीय. अशा रेकॉर्डच्या खाचा चमकायच्या ऐवजी करड्या दिसल्या तर सोडून द्या. झिजलेली खाच धुऊन नवी होत नाही, धुतल्यावर फक्त स्वच्छ खरखर ऐकू येते.

तबकडी डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाक बघा. कडेला हलकीशी लाट असेल तर बहुतेक वेळा सुई सांभाळून घेते. बशीसारखी झाली असेल किंवा एका जागी टोकदार उंचवटा असेल तर नको. पातळ आणि लवचिक आहे म्हणून मात्र नाकारू नका, १९७० च्या दशकात कंपन्यांनी मुद्दाम पातळ रेकॉर्ड काढल्या आणि १९७३ च्या तेलटंचाईत प्लास्टिक महागल्यावर त्या आणखी पातळ झाल्या. जाड म्हणजे चांगली ही समजूत १८० ग्रॅमच्या नव्या रेकॉर्डनी पसरवलीय, १२० ग्रॅमच्या जुन्या कित्येक रेकॉर्ड त्यांच्यापेक्षा झकास वाजतात.

वास घ्या, हो खरंच. कुबट वास म्हणजे बुरशी आणि ती तुमच्या बाकीच्या कव्हरांना लागते. आतलं पाकीट मऊ पीव्हीसीचं असेल आणि तबकडीवर पुसून न जाणारा धुरकट थर असेल तर ते रसायन आत मुरलंय, तो सहसा जात नाही. आणि लेबल वाचा! कव्हर एकाचं, आत तबकडी भलत्याचीच, हे इतक्यांदा होतं की विचारू नका. मी एकदा आनंदाने घरी येऊन उघडलं तर आत लहान मुलांना पाढे शिकवायची रेकॉर्ड.

मधल्या रिकाम्या पट्टीवरचं कोरीवकाम

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिथे तिरप्या उजेडात आकडे-अक्षरं दिसतात. तो मॅट्रिक्स नंबर, कुठल्या मास्टरवरून, म्हणजे छपाईच्या मूळ तबकडीवरून, छापलीय ते त्यावरून कळतं. कधीकधी मास्टर कापणाऱ्या माणसाची सही असते. बॉब लुडविगचा "आरएल", रूडी व्हॅन गेल्डरचा "आरव्हीजी", जॉर्ज पेकहॅमचं "पोर्की". अशी खूण दिसली की कव्हर कितीही फाटकं असो, ती उचलायची, कारण कापणारा नामी होता. हा नंबर डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या वेबसाइटवर टाकला की नेमकी कुठली प्रत ते सापडतं. पण माझं ऐका, डब्यासमोर उभं राहून प्रत्येकीचा भाव मोबाईलवर बघत बसू नका, निवडायची मजाच जाते आणि मागचा माणूसही खोळंबतो.

विकणाऱ्याने दर्जा लिहिला असेल तर एक लक्षात ठेवा, यात "गुड" म्हणजे गुड नाही. वरून खाली मिंट, निअर मिंट, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, आणि मग गुड. म्हणजे गुड ही खरखरीची हमी समजा. डब्यातली व्हीजी असली तरी आनंद माना.

शेलॅकच्या ७८ असतील तर

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्ड या. जड, ठिसूळ, हातातून पडली की ताटलीसारखी फुटणारी. १९४८ मध्ये एलपी आली त्याआधीचा सगळा काळ यांचा. यांना साधारण तिप्पट रुंद सुई लागते आणि ७८ चा वेग, दोन्ही नसेल तर घेऊन करणार काय. आणि यांना अल्कोहोल कधीही लावायचं नाही, शेलॅक त्यात विरघळतं. मी हे करून बसलोय, फडक्यावर काळा रंग आला तेव्हा आधी वाटलं वा, काय मळ निघतोय.

घरी नेताना

उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्ड ठेवायच्या नाहीत, पाच मिनिटंसुद्धा नाही. एलपीचं प्लास्टिक, म्हणजे व्हिनाइल, साठ-सत्तर अंशांना मऊ पडायला लागतं आणि बंद गाडीत काचेखाली तेवढं तापमान आरामात होतं. मागच्या सीटवर ठेवलेल्या माझ्या सात रेकॉर्डच्या सात परड्या झाल्या होत्या.

धुणं

नवी आणलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय सुईखाली घालायची नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखाद-दुसरा थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं. खाचांच्या दिशेने गोल गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही, लेबल कोरडं ठेवायचं. मग साबणाशिवायच्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा पुसायचं, हे लोक विसरतात आणि साबणाचा थर खाचेत राहून सुईला चिकटतो. ताटांच्या स्टँडमध्ये उभ्या वाळवा. नळाचं पाणी शेवटी वापरू नका, वाळल्यावर क्षार मागे राहतात.

कव्हरवरचा किमतीचा स्टिकर काढायचा तर आधी तबकडी बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, मग हेअर ड्रायर मंद गरम करून लांबून, आणि कोपऱ्यातून हळूहळू सोलायचा. सगळे काढायला जाऊ नका पण. दोन-तीनदा किंमत उतरवलेली, एकावर एक तीन स्टिकर असलेली कव्हरं मी तशीच ठेवतो.

जुनं आतलं पाकीट फाटलं असेल तर नवं घाला, पण छापील पाकीट असेल तर टाकू नका, सोबत ठेवा. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, आडवा ढीग कधीच नाही. कपाट मजबूत हवं, कव्हरसकट शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो वजन होतं.

वाजवणं

सुईचा रेकॉर्डवरचा भार कार्ट्रिजबरोबर, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीबरोबर, जो सांगितलाय तेवढाच, बहुतेकांचा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. रेकॉर्ड उडते म्हणून टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, नाणं ठेवायचा जुना उपाय करू नका, त्याने खाचा खरवडतात. सुई साधारण पाचशे ते हजार तासांत बदलायची.

पहिल्यांदा लावताना मी शेवटचं गाणं आधी ऐकतो. लेबलजवळ खाच प्रत्येक सेकंदाला जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर सरकते, काठाला पन्नास, त्यामुळे झीज आणि फाटका आवाज सगळ्यात आधी आतल्या बाजूला कळतो. तिथे स्वच्छ वाजली म्हणजे बाकीची वाजणारच. आणि चुकीने घेतलेलीला निदान तीन वेळा संधी द्या, वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी आपला राग असतो पैसे गेल्याचा.

तीनदा ऐकूनही नाही पटली तर परत कुठल्यातरी डब्यात सोडून या, दुसऱ्या कोणाचीतरी चूक होऊ दे. आता त्या यादीचं. मी आतल्या पाकिटावर पेन्सिलने आणल्याची तारीख टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका खोक्यात एक बँजोवाला हसरं कव्हर दिसलं, कव्हर बघून घ्यायच्या पाचव्या जागेसाठी अगदी फिट, खूष होऊन उचललं, घरी येऊन बाहेर काढलं तर पाकिटावर माझ्याच अक्षरात तारीख. मीच देऊन टाकलेली, सहा वर्षांपूर्वी. धुतली, लावली. पहिली बाजू तेव्हाइतकीच भयाण आहे, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं बरं आहे.